प्रदूषणाच्या याद्या आणि ‘निरंक’ रकाना

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात प्रदूषणाच्या तक्त्यांचे परीक्षण यावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. कवितासंग्रह, कादंबरी, फार तर एखादे आत्मचरित्र, हे परीक्षणाचे रूढ विषय. हवेतील धुळीचे आकडे नव्हेत. तथापि आजचा सुशिक्षित मनुष्य जे वाचतो, ज्यावर विश्वास ठेवतो आणि ज्याच्या आधारे आपल्या व परक्या गावांविषयी बरेवाईट मत बनवतो, त्यात या याद्यांचा वाटा लहान नाही. जे इतके वाचले जाते ते टीकेच्या कक्षेबाहेर ठेवणे बरे नव्हे. शिवाय यादी ही आपोआप उगवत नाही. ती कोणीतरी रचलेली असते. काय घ्यावे, काय गाळावे, कशाला किती महत्त्व द्यावे, हे तिचा कर्ता ठरवतो. कादंबरीच्या कर्त्याचे नाव मुखपृष्ठावर असते. यादीचा कर्ता मात्र शेवटच्या परिशिष्टात बसलेला असतो, आणि परिशिष्टापर्यंत सहसा कोणी जात नाही.

आमचा या विषयातील अधिकार शास्त्रज्ञाचा नाही. आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लेखनिक आहोत. पदवी साहित्याची घेतली, आणि गेली बारा वर्षे विवरणपत्रे भरणे व इतरांनी भरलेली तपासणे हे काम करीत आहोत. या कामाने आम्हांला एक धडा दिला आहे. सरकारी तक्त्यात रकाना कोरा ठेवता येत नाही. सांगण्यासारखे असेल तर आकडा लिहावा, नसेल तर ‘निरंक’ असे लिहावे. परंतु ‘निरंक’ या एका शब्दात दोन अगदी भिन्न अर्थ एकत्र नांदतात. चौकशी केली आणि काही आढळले नाही, हा एक अर्थ. चौकशीच झाली नाही, हा दुसरा. खालच्या कार्यालयातील माणसाला हा भेद पक्का ठाऊक असतो. तक्ता वर जातो, दहा तक्त्यांची बेरीज होते, आणि त्या बेरजेत हा भेद कायमचा बुडून जातो. प्रदूषणाच्या क्रमवाऱ्या वाचताना आम्हांला पदोपदी या बुडालेल्या भेदाची आठवण होते.

गेल्या हिवाळ्यात हा विषय आमच्या घरात शिरला तो मात्र वाङ्मयचर्चेच्या निमित्ताने नव्हे. आमची नोकरी अखिल भारतीय बदलीची आहे. ठराविक मुदतीनंतर पसंतीची तीन ठिकाणे लिहून द्यावी लागतात. सध्या आमचे वास्तव्य दिल्लीत आहे. आठ वर्षांच्या मुलीला दिवाळीनंतर खोकला सुरू होतो तो संक्रांत उलटली तरी हटत नाही, आणि जमल्यास शहर बदला, असे डॉक्टरांनी दोनदा सांगून झाले आहे. तेव्हा एका रविवारी आम्ही उभयता निरनिराळ्या याद्या पुढ्यात घेऊन बसलो. कोठे जावे हे याद्या सांगतील, अशी आमची भाबडी समजूत होती.

सासुरवाडी ग्वाल्हेरची, त्यामुळे पहिले नाव साहजिकच ग्वाल्हेरचे निघाले, आणि त्याबरोबर २०१६ सालची आठवणही निघाली. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने जगातील सुमारे तीन हजार शहरांच्या हवेची माहिती प्रसिद्ध केली. अडीच मायक्रॉन व त्याहून बारीक अशा धूलिकणांच्या वार्षिक सरासरीवरून क्रम लावला असता इराणमधील झाबोल पहिले आणि ग्वाल्हेर दुसरे आले. ग्वाल्हेरचा आकडा दर घनमीटर हवेत १७६ मायक्रोग्रॅम, तिसऱ्या अलाहाबादचा १७०; आणि २०१४ च्या अशाच यादीत अग्रभागी असलेली दिल्ली १२२ वर येऊन अकराव्या स्थानी. आमचे सासरे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतात आणि अजून पोस्टकार्डे लिहितात. तानसेनाचे आणि ख्यालगायकीच्या घराण्याचे आमचे गाव अखेर जगात दुसरे आले, आता तुम्ही दिल्लीकरांनी सुटकेचा निःश्वास टाकावा, असे त्यांनी तेव्हा लिहिले होते.

या आकड्यांच्या शेजारी त्याच तक्त्यात आणखी एक रकाना होता, दहा मायक्रॉनपर्यंतच्या जाड कणांचा. त्यात ग्वाल्हेरचा आकडा ३२९ आणि अलाहाबादचा ३१७ होता. वाचकांनी भागाकार करून पाहावा. १७६ ला ३२९ ने भागा अथवा १७० ला ३१७ ने भागा, उत्तर ०·५३ आणि ०·५४ यांच्या दरम्यानच येते. दोन निराळ्या शहरांत बारीक व जाड कणांचे प्रमाण इतके तंतोतंत जुळणे हा योगायोग नसावा. ज्या शहरांत बारीक कण मोजले जात नव्हते तेथे जाड कणांच्या मापाला ठरावीक गुणकाने गुणून आकडा काढण्याची रीत संघटनेने अवलंबिली होती, आणि ही रीत तिने लपवूनही ठेवलेली नव्हती. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मात्र ती आली नाही. ग्वाल्हेरची हवा चांगली होती असे आम्हांला सुचवायचे नाही. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे जाड कणांची वार्षिक सरासरी ६० च्या आत हवी; ३२९ हा आकडा एकटाच पुरेसा भयंकर आहे. परंतु ‘जगात दुसरे’ हे स्थान मोजलेले आकडे आणि गुणाकाराने काढलेले आकडे एकाच रांगेत उभे करून मिळालेले होते. सासऱ्यांना त्यांच्या गावाची लाज वाटायला लावणारा तो ‘दुसरा’ हा शब्द निम्मा हवेचा आणि निम्मा अंकगणिताचा होता.

ग्वाल्हेर तूर्त बाजूला ठेवले. सौभाग्यवती म्हणाल्या, डोंगरात जाऊ. शिलाँगला तुमच्या खात्याचे कार्यालय आहे ना? मेघालय म्हटल्यावर स्वच्छतेची कीर्ती आठवतेच. तेथील मावलिन्नाँग या खेड्याला २००३ साली एका प्रवासविषयक नियतकालिकाने आशियातील सर्वांत स्वच्छ गाव म्हणून गौरविले, आणि तेव्हापासून पर्यटकांची रीघ लागली आहे. पण आयक्यूएअर या स्विस कंपनीने मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, २०२४ सालाच्या अहवालात जगातील सर्वांत प्रदूषित शहर म्हणून जे नाव पहिले छापले, ते बर्निहाटही मेघालयातलेच. ते आसामच्या सीमेवर, गुवाहाटीहून शिलाँगला जाणाऱ्या हमरस्त्यावर वसले आहे. लोखंड-पोलादाचे आणि मद्यार्काचे कारखाने तेथे दाटीने उभे आहेत. तेथील बारीक कणांची वार्षिक सरासरी १२८·२ होती. आपले मानक ४० चे आणि जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ पासूनचे ५ चे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो. एकाच राज्यात आशियातील सर्वांत स्वच्छ खेडे आणि जगातील सर्वांत प्रदूषित शहर. मग मेघालय स्वच्छ म्हणावे की अस्वच्छ?

हा प्रश्न चुकीचा आहे, हे त्याचे उत्तर. ‘प्रदेश’ म्हणून ज्याला आपण क्रमांक देतो तो बहुधा मोजयंत्राच्या आसपासचा थोडा भाग असतो. दिल्लीचा म्हणून जो आकडा रोज छापून येतो तो चाळीसच्या आसपास केंद्रांची सरासरी असतो. आनंद विहारचा आकडा आणि लोदी मार्गाचा आकडा यांत एकाच दिवशी शंभराचे अंतर पडू शकते. सरासरीत दोन्ही वस्त्यांतील माणसे एकच हवा घेतात असे दिसते. आणि जेथे यंत्रच नाही तेथे तर काहीच दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ४,०४१ वैधानिक नगरे नोंदली गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दैनिक पत्रकात सुमारे अडीचशे शहरे येतात. उरलेल्या नगरांच्या नावापुढे कोणी ‘निरंक’ लिहीत नाही, कारण त्यांची नावेच नसतात. बर्निहाट पहिले आले ते तेथील हवा मोजली गेली म्हणून. ज्या गावात भट्ट्या आहेत, दगडखाणी आहेत, पण यंत्र नाही, ते गाव कोणत्याही यादीत शेवटून पहिलेही येत नाही. याद्या वाचून घर बदलणाऱ्या आमच्यासारख्या बापाला असे गाव स्वच्छ वाटावे, यातला धोका उघड आहे.

आता मोजल्यानंतरचा प्रश्न घेऊ. २००९ साली प्रदूषण नियंत्रण मंडळाने ८८ औद्योगिक क्षेत्रांसाठी एक सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला. हवा, पाणी व जमीन यांचा एकत्र विचार करून शंभरपैकी गुण द्यावयाचे, आणि सत्तरच्या वर गुण म्हणजे क्षेत्र अतिप्रदूषित, अशी व्यवस्था होती. अशी ४३ क्षेत्रे निघाली. गुजरातेतील अंकलेश्वर ८८·५० गुणांनी पहिले, वापी ८८·०९ गुणांनी दुसरे, गाझियाबाद तिसरे. आणि महाराष्ट्रातील चंद्रपूर ८३·८८ गुणांनी चौथे. पहिल्या-दुसऱ्यात ०·४१ गुणाचे अंतर आहे. एवढ्या अंतराने वापीच्या रहिवाशाला काय लाभ झाला असेल? परंतु क्रमांक लावला की या अंतराला पायरीचे रूप येते, आणि सर्व पायऱ्या सारख्या उंचीच्या भासतात. शाळेतील गुणपत्रिकेने आपल्या सर्वांना ही खोड लावलेली आहे.

पुढे २०१६ मध्ये या निर्देशांकाची पद्धत बदलली. परिसराच्या अवस्थेला ५० गुण, उद्योगांच्या व्याप्तीला २०, नियमपालनाला २० आणि लोकांच्या आरोग्यावरील परिणामाला १०, अशी नवी वाटणी ठरली. २०१८ च्या गुणांकनात महाराष्ट्रातील तारापूर ९३·६९ गुणांनी पहिले आले. मधल्या नऊ वर्षांत अंकलेश्वर सुधारले आणि तारापूर बिघडले, असे या दोन याद्या शेजारी ठेवून म्हणता येईल काय? अंशतः येईलही, पण मोजपट्टी बदललेली असताना किती अंश हवेपाण्याचा आणि किती पट्टीचा हे वेगळे काढता येत नाही. आणि आरोग्याला दहाच गुण का, वीस का नाहीत? दहा हा आकडा कोणत्याही यंत्राने दाखविलेला नाही. तो एका बैठकीत ठरलेला आहे. बैठकीत ठरणे हा दोष नव्हे, कोठेतरी ते ठरवावेच लागते. पण जो निर्णय आहे त्याला मोजमाप समजून वाचणे हा मात्र वाचकाचा दोष आहे.

याहून मनोरंजक उदाहरण ‘स्वच्छ वायु सर्वेक्षणा’चे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, आणि त्यातील १३१ शहरांची स्पर्धा घेण्यात येऊ लागली. २०२३ च्या स्पर्धेत दहा लाखांवरील लोकवस्तीच्या गटात इंदूर पहिले, आग्रा दुसरे व ठाणे तिसरे आले. शंभरपैकी गुणांची वाटणी पाहण्याजोगी आहे. कचरा व पालापाचोळा जाळण्यास आळा घालण्याला २०, रस्त्यांवरील धुळीच्या बंदोबस्ताला २०, वाहनांच्या धुराला २०, कारखान्यांच्या धुराला २०, इतर धुराला १०, बांधकामाच्या राडारोड्याला ५, लोकजागृतीला अडीच. आणि हवेतील जाड कण प्रत्यक्षात किती घटले याला अडीच. माहिती प्रथम शहरांनी स्वतः भरावयाची असते आणि मग ती तपासली जाते. म्हणजे हवेच्या नावाने भरविलेल्या या परीक्षेत हवेला शंभरपैकी अडीच गुण आहेत, आणि तेवढेच गुण हवेविषयी लोकांना सांगण्याला आहेत. प्रयत्नांची स्पर्धा घेण्यात गैर काही नाही. रस्ते झाडणे, कचरा न जाळणे ही कामे झालीच पाहिजेत, आणि वारा कोणाच्या शेतातून काय घेऊन येईल हे नगरपालिकेच्या हाती नसल्याने निव्वळ हवेवरून तिला जोखणे अन्यायाचेही होईल. आमची तक्रार परीक्षकाची आहे: ग्रंथाचे नाव आणि ग्रंथाचा विषय जुळत नाहीत. ‘स्वच्छ वायु’ असे शीर्षक वाचून ठाण्यात घर घेणाऱ्याने आत काय आहे ते पाहिलेले नसते.

राष्ट्रांच्या क्रमवारीतही हेच घडते. अमेरिकेतील येल व कोलंबिया या विद्यापीठांतील अभ्यासक दर दोन वर्षांनी पर्यावरणविषयक एक निर्देशांक प्रसिद्ध करतात. १८० राष्ट्रांत भारताचे स्थान २०१६ साली १४१ वे होते, २०१८ मध्ये १७७ वे, २०२० मध्ये १६८ वे, २०२२ मध्ये शेवटचे, म्हणजे १८० वे, आणि २०२४ मध्ये १७६ वे. दोन वर्षांत देशाची हवा, पाणी आणि अरण्ये छत्तीस पायऱ्या घसरत नाहीत. घसरते अथवा चढते ती बव्हंशी पद्धत. २०२२ च्या शेवटच्या क्रमांकावर आपल्या पर्यावरण मंत्रालयाने ८ जून २०२२ रोजी लेखी आक्षेप घेतला. २०५० साली किती उत्सर्जन होईल या अंदाजाला मोठे वजन दिले, दरडोई उत्सर्जनाला फार थोडे दिले, आणि वजने बदलण्याची कारणे सांगितली नाहीत, असा त्याचा आशय होता. आम्हांला हे आक्षेप पुष्कळ अंशी रास्त वाटतात. परंतु रास्त आक्षेप घरच्या यादीलाही लावावा लागतो. परक्यांनी शेवटचा क्रमांक दिला की पद्धत सदोष, आणि आपण पहिला क्रमांक दिला की मिरवणूक, हा न्याय एकतर्फी होईल. शिवाय, पद्धत सदोष ठरली म्हणून मुलीच्या छातीतील घरघर काही कमी होत नाही.

इतके लिहून झाल्यावर, मग या याद्या बंदच कराव्यात काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर नकारार्थी आहे. २००९ च्या त्या यादीनंतर १३ जानेवारी २०१० रोजी अतिप्रदूषित ४३ क्षेत्रांत नव्या उद्योगांच्या पर्यावरण मंजुऱ्या रोखल्या गेल्या, आणि राज्यांना सुधारणेच्या योजना सादर कराव्या लागल्या. पुढे त्या बंद्या टप्प्याटप्प्याने उठल्या हे खरे; पण चंद्रपूरच्या कोळशाच्या धुळीविषयी तेथील रहिवासी जे बोलत, ते आकड्याच्या रूपाने दिल्लीच्या टेबलावर आले ते यादीमुळेच. तक्रार अर्ज बाजूला पडतो. क्रमांक सहजी बाजूला पडत नाही, कारण तो शेजाऱ्याला दिसतो. यादीची ही शक्ती आम्ही मानतो. शक्ती आहे म्हणूनच ती काळजीपूर्वक वाचली पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

आपल्या वाङ्मयात कवींची थोरवी सांगणारे एक जुने वचन प्रसिद्ध आहे. ते कोणालाही पहिला-दुसरा म्हणत नाही. कोणाची कोणती रचना नावाजलेली, एवढेच सांगते. ऐकणाऱ्याला त्यातून कवींचा क्रम कळत नाही, कवी कळतात. प्रदेशांच्या बाबतीतही क्रमाहून हे ज्ञान अधिक उपयोगी आहे: येथे कोणता धूर, कोणत्या महिन्यांत, कोणत्या वस्तीत, आणि तो कोठून येतो. क्रमांक हवाच असेल तर त्याच्या जोडीला, आमच्या प्रत्येक सरकारी विवरणपत्रात असतो तसा, शेवटी एक ‘शेरा’चा रकाना असावा. आकडा मोजलेला की काढलेला, यंत्रे किती आणि कोठे, गेल्या खेपेपासून पद्धत बदलली काय, आणि माहिती कोणी भरली, एवढ्या चार गोष्टी त्यात लिहाव्यात. त्यासाठी नवे शास्त्र लागत नाही. ही सर्व माहिती परिशिष्टात असते. ती उचलून क्रमांकाच्या शेजारी आणून ठेवायची एवढेच काम आहे, आणि ते आमच्यासारखा लेखनिकही एका दुपारी करू शकेल.

शेवटी आम्ही सासऱ्यांना पत्र घातले. तुमच्या घरापासून मोजयंत्र किती लांब आहे, आणि थंडीत सकाळी गच्चीवरून किल्ला दिसतो काय, असे दोन प्रश्न विचारले. त्यांचे कार्ड आठवड्याने आले. यंत्राविषयी चौकशी करून कळवितो, असे त्यांनी लिहिले होते. किल्ला मार्गशीर्ष-पौषात सकाळी नऊपर्यंत दिसत नाही, माघ लागला की दिसू लागतो. मात्र मध्ये असते ते धुके की धूर, हे आपल्याला सांगता येत नाही, चष्मा जुना आहे, असेही होते. इतक्या याद्या वाचल्या, पण आपल्याला काय सांगता येत नाही हे क्रमांकाच्या शेजारीच लिहिणारा कर्ता आम्हांला हा पहिलाच भेटला. पसंतीपत्रात आम्ही पहिले नाव ग्वाल्हेरचे लिहिले आहे. तेथे आजी-आजोबा आहेत, आणि मुलगी खोकली तर रात्री उठणारी आणखी दोन माणसे आहेत. कारणाच्या रकान्यात तेवढेच नमूद केले. हवेविषयी काही लिहिले नाही.